सातवी पिन

शनिवारी दुपारी ठाण्यात कासारवडवलीला सरांकडे गेलो होतो. कॉम्प्युटर साफ करायचा होता आणि एक एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची ड्राइव्ह, वाढवायची होती. घोडबंदर रोडवर मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून त्या पट्ट्यातलं कुठलंही कॅबिनेट उघडा, पंख्याच्या पात्यांवर राखाडी साय धरलेली असते. गॅलरीत नेऊन ब्लोअर मारला, रॅमचे सोनेरी दात खोडरबरानं पुसले, एसएसडी स्क्रू लावून घट्ट केली. तिची केबल नेताना मदरबोर्डच्या, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाच्या, खालच्या कोपऱ्यातली एक वायर आड येत होती. पुढच्या हेडफोन-माइकच्या सॉकेटची वायर. ती उपसून बाजूला केली आणि शेवटी परत दाबून बसवली. एका हातात मोबाईलचा टॉर्च, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं, अंदाजानं. मला पुढे वर्तकनगरला पोचायचं होतं.

विंडोज आलं, डेस्कटॉप दिसला. सर आत वामकुक्षी घेत होते, म्हणून काकूंनी स्पीकर बंद ठेवायला सांगितलं होतं. "काकू, झालं," म्हणालो आणि निघालो.

सर जन्मापासून अंध आहेत. बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले. आता अंध विद्यार्थ्यांसाठी रेकॉर्ड केलेले धडे ऐकून त्यांतल्या चुका टिपून देतात. कॉम्प्युटर ते एनव्हीडीएवर चालवतात. स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणारं हे सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणानं २००६ मध्ये सुरू केलं. ते मोफत आहे आणि मराठीही वाचतं. सहा वर्षं मी सरांचं मशीन सांभाळतोय. हे सगळं मला पाठ होतं, आणि तरी मी डेस्कटॉप दिसला म्हणून काम झालं असं धरलं.

संध्याकाळी साडेसातला फोन आला. "अरे, आवाज येत नाहीये."

मी वर्तकनगरच्या गिऱ्हाइकाकडेच होतो. आवाज न येण्याचं नेहमीचं कारण ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर. म्हणालो, "ड्रायव्हर हलला असेल सर, उद्या बघतो."

"उद्या बघ, चालेल. पण तुझा मॉनिटर काळा पडला असता तर तू ड्रायव्हर म्हणाला असतास का?"

सर रागावले नव्हते. त्यांनी नुसतं विचारलं होतं. मी जिन्यातच बसलो.

पुढची दहा मिनिटं त्यांनीच मला सांगितलं, कारण तपासणी त्यांनी आधीच केली होती. मशीन सुरू होताना कॅबिनेटमधला छोटा बीप येतोय. एनव्हीडीए अडकलं असेल म्हणून कंट्रोल-ऑल्ट-एन दाबून पाहिलं, शांत. मग विंडोजचा स्वतःचा स्क्रीन वाचणारा नॅरेटर सुरू करून पाहिला, तोही मुका. म्हणजे एनव्हीडीएचा दोष नाही. मग स्पीकरची पिन मागून उपसून तिच्या टोकाला बोट लावलं, तर स्पीकर घुर्र करतोय. म्हणजे स्पीकर आणि त्याची वायर ठीक आहे. इतकी शिस्तशीर तक्रार डोळस गिऱ्हाइकाकडून मला आजवर मिळालेली नाही.

घरी आल्यावर काकूंकडून एनीडेस्कचा (दुरून दुसऱ्याचं मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरचा) नंबर घेतला आणि मशीनमध्ये शिरलो. साउंडच्या खिडकीत हिरवी पट्टी व्यवस्थित नाचत होती. आवाज तयार होत होता, फक्त बाहेर पडत नव्हता. त्याच खिडकीत पुढे हेडफोन लावलेला असल्याचं दिसत होतं. काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या काही लावलेलं नाही. इथे मी थांबायला हवं होतं. पण ड्रायव्हर डोक्यात बसला होता. तो काढला, नवा टाकला, दोनदा रीस्टार्ट केलं. दीड तास गेला. पलीकडे सर खुर्चीत गप्प बसून होते.

दहा वाजता काकूंना जुन्या मोबाईलचा इयरफोन सापडला. सरांनी तो पुढच्या सॉकेटमध्ये घातला आणि म्हणाले, "बोलतोय रे! यात बोलतोय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढे हेडफोन लागला की मागचे स्पीकर आपोआप गप्प होतात. तो लागलाय हे मदरबोर्डला कळतं ते एका साध्या स्विचवरून. सॉकेटमध्ये पिन शिरली की आतली पट्टी सरकते आणि दोन तारा जुळतात. मदरबोर्डवर त्या सातव्या आणि दहाव्या जागेवर येतात. त्या दोघी सॉकेटमध्ये काही नसतानाही जुळल्या, तर मशीन कायम हेडफोन लागलाय असंच समजणार. आणि दुपारी तिथे अंगठा दाबला होता मी.

रविवारी सकाळी सात वाजता निघालो. माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, सगळं मोकळं. प्लग काढला, कॅबिनेट आडवं केलं, ती वायर या वेळी कनेक्टरला धरून सरळ वर उचलली. खाली नऊ पिना. दोन ओळी, पाच-पाच जागा, त्यांतली आठवी जागा मुद्दाम रिकामी, कनेक्टर उलटा बसू नये म्हणून. अंधाऱ्या कोपऱ्यात नीट दिसेना. सर शेजारी स्टुलावर बसले होते. म्हणाले, "मी बघू?"

आधी त्यांना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायला सांगितलं, अंगातली स्टॅटिक वीज उतरावी म्हणून. मग त्यांचं बोट त्या जागेवर नेऊन ठेवलं. पिनांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर असतं. ब्रेलच्या दोन टिंबांमधलंही जवळजवळ तेवढंच, अडीचच्या आसपास. हे मला त्या क्षणापर्यंत कधी सुचलं नव्हतं. सरांचं बोट त्या नऊ टोकांवरून एकदाच, अक्षर वाचावं तसं हलकेच गेलं.

"इथे एक जागा रिकामी आहे."

"ती असतेच सर."

"मग तिच्या समोरचा दात त्या रिकाम्या जागेत पडलाय. कोपऱ्यातल्याला टेकलाय."

सातवी पिन, दहावीला टेकलेली. टॉर्च तिरका धरल्यावर मलाही दिसली.

क्लच पेन्सिलचं रिकामं टोक तिच्यावर टोपीसारखं घातलं आणि केसभर केसभर उचललं. अशी पिन एका झटक्यात सरळ केली तर बुडातून तुटते, आणि तुटली की मदरबोर्ड सोल्डरिंगचा डाग द्यायला न्यावा लागतो. सगळ्या कामात वेळ गेला तो इथेच. काकूंचे पोहे गार झाले. मधूनमधून सरांचं बोट फिरायचं. "अजून थोडा डावीकडे कललाय." "आता बरोबर." कनेक्टर सरळ, दोन्ही हातांनी, न रेटता बसवला.

काल मी अर्धवट टाकून गेलो होतो, याची मी सरांकडे माफी मागितली. ते म्हणाले, "ते राहू दे. मॉनिटरचं बटण बंद कर आणि आता तू चालू करून दाखव."

मॉनिटर बंद केला. कॅबिनेटचं बटण बोटानं चाचपून दाबलं. पंखा फिरला, बीप आला. मग बराच वेळ काहीच नाही. काळ्या काचेसमोर मी नुसता बसून होतो, हात कुठे ठेवावेत कळेना. आणि मग मागच्या स्पीकरमधून एनव्हीडीएची ती चढत जाणारी छोटी धून आली.