जीव कधी येतो, डॉक्टर?

तालुक्याच्या गावी ३२ वर्षं बाळंतपणं केली. एक प्रश्न कधी चुकला नाही. पेशंटनं विचारला, तिच्या सासूनं विचारला, आता निवृत्तीनंतर लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी विचारतंच: "गर्भात जीव कधी येतो हो? माणूस कधीपासून म्हणायचं त्याला?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

सोनोग्राफीत सहाव्या आठवड्याच्या सुमारास ठोके दिसतात. बाळ फिरल्याचं आईला कळतं ते साधारण पाचव्या महिन्यात. १८६०च्या दंडविधानानं हीच खूण धरली होती: बेकायदा गर्भपाताला ३ वर्षांपर्यंत शिक्षा, हालचाल जाणवू लागल्यावर केला तर ७. धर्मशास्त्रात चौथ्या महिन्यापर्यंत गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात गर्भपात, पुढे प्रसूतीच. हिंदू वारसा कायदा पोटातल्या बाळालाही वाटा देतो, पण ते जिवंत जन्मलं तरच. ज्यानं त्यानं आपल्या कामापुरती रेघ ओढलीय.

माझी रेघ एका बाईनं पुसली. पहिलं मूल अंगावर पीत असताना ती आठव्या आठवड्यात आली. "पिशवी धुवून द्या." संध्याकाळी घरी गेली, डोळ्यांत पाणी नाही. चार वर्षांनी पुन्हा आली, तेवढेच दिवस भरलेले. या वेळी मूल हवं होतं आणि ते आपणहून पडून गेलं. उशीत तोंड खुपसून रडली. नवरा बाहेर विचारत होता, सुतक किती दिवसांचं? माझ्या ट्रेमध्ये दोन्ही वेळा तेच होतं.

तेव्हा वाटलं, सापडलं उत्तर. कुणाला तरी हवं असणं, हेच माणूसपण.

पण मग नकुशीचं काय करायचं? साताऱ्यात २०११ साली २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली. आईबापांनी त्यांची नावंच 'नकुशी' ठेवली होती. हसत्याखेळत्या, शाळेत जाणाऱ्या पोरी. नको असलेल्या, म्हणून काय कमी माणूस? आणि ज्या जन्मल्याच नाहीत? राज्यात ०-६ वयोगटात हजार मुलग्यांमागे २००१ला ९१३ मुली होत्या, २०११ला ८९४.

त्यावरच्या मोहिमेत 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द भिंतीभिंतीवर गेला. हेतू चांगला, शब्द वाईट. १९७१च्या कायद्यानं दिलेला गर्भपात करून घ्यायला येणारी बाईही त्यामुळे खुनी असल्यासारखी दबकत येऊ लागली. लिंग बघून गर्भ पाडणं मला गुन्हा वाटतं, पण तो जन्मू शकणाऱ्या प्रत्येक मुलीचा अपमान म्हणून. आठ आठवड्यांचा गर्भ आणि त्याची आई यांना मी एका तराजूत घालणार नाही. सातव्या महिन्यात मात्र माझा हात थबकतो, थबकायलाच हवा. गर्भाचा हक्क पोटाबरोबर वाढत जातो, असं मी मानते. यात तारीख सापडत नाही, हे मला मान्य आहे.

एक मात्र माझ्याकडून चुकलं. आठव्या महिन्यात मेलेलं बाळ जन्मलं की आईला दाखवायचं नाही, अशी तेव्हा रीत होती. एकदा मीही कापडात गुंडाळून बाहेर दिलं. माणसं पुरून आली. तिसऱ्या दिवशी टाके बघायला वाकले, तर तिनं माझा हात धरला.

"बाई, नाक कुणावर होतं?"

मी बघितलंच नव्हतं.