साळावच्या पुढे तुटलेली तार

सामान लादून निघालेल्या सायकल गटात पंक्चरची धास्ती नसते. ट्यूब बदलायची, हवा भरायची, पंधरा मिनिटांत पुन्हा रस्त्यावर. दिवस खातं ते मागचं चाक, त्यातही फ्रीव्हीलच्या, म्हणजे साखळी बसते त्या दातेरी चकत्यांच्या, उजव्या बाजूची तार (स्पोक) तुटली तर. मुंबईहून निघणाऱ्या सहलींमध्ये मेकॅनिक म्हणून मी सगळ्यात शेवटी चालवतो. मांडवा ते काशीद या टप्प्यात हीच तार तुटली.

भाऊच्या धक्क्यावरून सकाळची रो-रो धरली. २०२० साली ही बोट सुरू झाली आणि पनवेल-वडखळमार्गे अवजड वाहनांशेजारून जाण्याची पाळी टळली. तासाभरात मांडवा. धक्क्याबाहेरच सामानाची तपासणी केली. पद्धत सोपी: सायकल आधी सीटखाली धरून उचलायची, मग हँडल धरून. मागून हलत नाही आणि पुढून सहज उचलली जाते, तर वजन चुकीच्या जागी आहे. एका मुलीच्या सायकलला पुढचा कॅरियरच नव्हता. दोन पिशव्या, तंबू, पाणी, स्टोव्ह असं सतरा-अठरा किलो सगळं मागे. जड वस्तू पिशवीच्या तळाशी आणि अ‍ॅक्सलच्या जवळ आणल्या, टायरमध्ये हवा पुरेशी केली. तिथे एवढंच करता येत होतं.

अलिबागला नाश्ता, मग चौल, रेवदंडा, कुंडलिकेवरचा पूल. साळाववरून उजवीकडे मुरूडचा रस्ता धरला की चढउतार सुरू होतात. तिथल्या एका उतारावर खड्ड्यात चाक आपटलं आणि ‘टण्’ असा आवाज झाला. रिम डावीकडे ओढली गेली आणि ब्रेकला घासायला लागली.

तार बहुतेक वेळा हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळच्या, वाकात तुटते. चाक फिरताना तळाशी येणारी प्रत्येक तार क्षणभर सैल पडते आणि वर जाताना पुन्हा ताणली जाते. वजन जितकं जास्त, तितकी ती जास्त सैल पडते. मुळात ताण कमी-जास्त असलेल्या चाकात त्या वाकाला हजारो हिसके बसतात, आणि शेवटचा खड्डा फक्त निमित्त ठरतो. म्हणून निघण्यापूर्वी तारा बोटाने छेडून बघाव्यात. एका बाजूच्या तारांचा आवाज साधारण सारखा यायला हवा.

वळणावर गट उभा करणं धोक्याचं होतं. पुढच्या लीडरने सगळ्यांना गावातल्या सावलीत नेलं. मी आणि ती मुलगी मागे राहिलो.

“दादा, एका तारेने काय होतंय? अशीच चालवू का?”

रिकाम्या सायकलवर चाललं असतं. शेजारच्या डाव्या दोन तारा अर्धा फेरा सैल करायच्या, उजवीकडची जवळची तार थोडी कसायची, ब्रेक मोकळा ठेवायचा, आणि हळूहळू गाव गाठायचं. पण अठरा किलोखाली बाकीच्या तारांवर जादा ताण येतो आणि दुसरी तुटायला वेळ लागत नाही.

उजवी तार घालायची तर फ्रीव्हील काढावं लागतं. ते हबवर आट्यांनी बसतं आणि प्रत्येक पेडलबरोबर आणखी घट्ट होत जातं. रस्त्यावर हाताच्या पान्याने ते हलत नाही. मागे साळावला एक गॅरेज दिसलं होतं. सामान उतरवून सायकल ढकलत तिथे नेली. गॅरेजवाल्या काकांनी वाइस (टेबलावरचा पक्का शिकंजा) मोकळा करून दिला. रिमूव्हर, म्हणजे फ्रीव्हील काढायचं टूल, त्याच्या खाचेत बसवला आणि निसटू नये म्हणून अ‍ॅक्सलचा नट वरून अलगद लावला. मग रिमूव्हर वाइसमध्ये पकडून आख्खं चाकच घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं. “टूलला जोर नको, चाकाला दे,” काका म्हणाले, आणि अगदी बरोबर म्हणाले. फ्रीव्हील सुटल्याबरोबर नट सैल करायचा, नाहीतर आटे खराब होतात.

मागच्या चाकाची उजवी तार डावीपेक्षा किंचित आखूड असते. मी दोन्ही मापांच्या सुट्या तारा फ्रेमला टेपने चिकटवून ठेवतो. नवी तार कुठून घालायची, कुठल्या तारेखालून न्यायची, हे रिमवर मोजत चौथ्या तारेकडे बघून कळतं. तिची मांडणी तीच असते. मग सायकल उलटी करून, ब्रेकचे रबर खूण मानून चाकाचा आऊट, म्हणजे डावं-उजवं डोलणं, काढला. निपल (तारेच्या रिमकडच्या टोकाचा छोटा नट) एका वेळी पाव फेराच, आणि दर वेळी चाक फिरवून बघायचं. घाईने एकच तार कसली की रिम वर-खाली उडायला लागते, आणि ते दुरुस्त करणं फार कटकटीचं.

पुढे गट भेटल्यावर वजन वाटलं. तंबूचं कापड एकाकडे, दांड्या दुसऱ्याकडे, स्टोव्ह आणि पाणी माझ्याकडे. तिच्या मागच्या चाकावर आठ-नऊ किलोच ठेवले. गटाचं सामान हे गटाचंच असतं. हे सुरुवातीलाच ठरवलं तर तारा वाचतात.

काशीदला पोचलो तेव्हा चार वाजले होते. ओहोटीमुळे पुळण लांबच लांब दिसत होती आणि दोघांनी तिथेच तंबू पसरायला घेतला. त्रयोदशी होती. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब: तेराचे पाऊणपट पावणेदहा, म्हणजे रात्री पावणेदहाला पूर्ण भरती. त्यात पौर्णिमेचं उधाण दोन दिवसांवर, म्हणजे पाणी रोज आणखी वर चढणार. वाळलेल्या शेवाळाची रेघ ही मागच्या भरतीची खूण. तिच्यावर विसंबून तंबू लावू नये. आम्ही एका वाडीच्या मालकाला विचारून आत जागा घेतली. तिथेही नारळाखाली नाही. नारळ आणि सुकलेली झावळ रात्री कधीही पडते. भुसभुशीत मातीत खुंट्या धरत नव्हत्या, तेव्हा पिशव्यांत वाळू भरून त्या वीतभर खोल पुरल्या आणि दोऱ्या त्यांना बांधल्या.

नवी तार पहिल्या काही किलोमीटरांत बसते आणि थोडी सैल होते. दुसऱ्या दिवशी मुरूडला चहाच्या थांब्यावर चाक पुन्हा फिरवून पाहिलं, त्या निपलला पाव फेरा दिला, आणि दिघीच्या फेरीसाठी आगरदांड्याकडे निघालो.