भांगाचा दिवस

मित्रांची सुट्टी रविवार बघून ठरते आणि मासे तिथी पाळतात. या दोघांचं जुळलं नाही की गोव्यात मांडवीकाठच्या बेती गावाहून पहाटे निघालेल्या होडीत पाच माणसं, पाच गऱ्या आणि एक रिकामी बर्फाची पेटी असा संसार दुपारपर्यंत डुलत बसतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मांडवीच्या मुखाशी पाणी सुमारे दोन मीटर चढतं-उतरतं. अष्टमी-नवमीला भांग. तेव्हा हा चढउतार साधारण निम्म्यावर येतो, आणि पाण्याची ओढही त्याच मापाने मंदावते. मासा प्रवाहाकडे तोंड करून राहतो, म्हणजे खाणं वाहत त्याच्यापाशी येतं. प्रवाहच नाही म्हटल्यावर तो तरी कशाला हलेल? भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. बंदराप्रमाणे तासाभराचा फरक धरावा. म्हणजे अष्टमीला सहाला निघालात तर भरती संपत आलेली, आणि पुढची सगळी सकाळ आळसावलेल्या ओहोटीची.

आग्वादच्या टोकाबाहेर पाच-सहा वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यात नांगर टाकला की दोर खोलीच्या निदान तिप्पट सोडावा; आखूड दोराला नांगर तळ धरत नाही, नुसता ओरखडत जातो. उधाणाला होडी प्रवाहाच्या रेषेत ताठ उभी राहते आणि सगळ्यांचे तंगूस, म्हणजे गरीचे नायलॉनचे दोरे, एकाच बाजूला, शिस्तीत जातात. भांगाला मात्र होडीला पाणी धरून ठेवत नाही. जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्याची एक झुळूक आली की ती गर्रकन फिरते, सरळ खाली लोंबणारे तंगूस तिच्या पोटाखाली जातात आणि पाचही जणांना एकदमच मोठा मासा लागतो. प्रत्येक जण दुसऱ्याची गरी ओढत असतो, एवढंच.

हा गुंता ओढायचा नाही. ओढल्याने प्रत्येक वळसा गाठ होऊन बसतो. सगळ्यांनी तंगूस सैल सोडायचे, एकानेच सगळी शिसं, म्हणजे टोकाची वजनं, वर घ्यायची आणि ज्याचा फाटा (गरी बांधलेला आखूड जोडदोरा) सर्वांत जास्त अडकलाय त्याचा फाटा कापून टाकायचा. वीतभर तंगूस आणि एक गरी, एवढाच खर्च. अर्धा तास सोडवत बसणाऱ्यांची चिकाटी वाखाणण्यासारखी असते, पण ती चुकीच्या जागी खर्च होते.

मुळात अशा दिवशी मांडणीच हलकी हवी. उधाणाला ऐंशी-शंभर ग्रॅम शिसं लागतं, भांगाला चाळीस पुरे. शिसं टोकाला, त्याच्या वर हातभर अंतराने दोन आखूड फाटे. शिसं बांधायला मुख्य तंगुसापेक्षा कच्चा दोरा वापरावा, म्हणजे खडकात अडकलं तर शिसंच जातं, गऱ्या परत येतात. पाणी थांबलं की गाळ बसतो, पाणी निवळतं आणि जाड तंगूस माशाला दिसतो. म्हणून फाटे पाव मिलिमीटरचे. वाळूच्या तळाला मुडदुशे असतात. त्यांचं तोंड इवलंसं, त्यांना आठ नंबरची बारीक गरी. खडकाशेजारी तांबोशी मिळण्याची आशा असेल तर मोठी गरी आणि जाड फाटा, नाहीतर ती खडकाच्या कपारीत शिरून सगळं तोडून नेते. आशा असेल तर, म्हटलंय.

कोळंबी गरीवर शेपटीकडून चढवावी, गरीच्या वाकाप्रमाणे वळवत, आणि टोक किंचित बाहेर ठेवावं. मुडदुशांसाठी सोलून नखाएवढा तुकडा. मग तंगूस पहिल्या बोटावरून घ्यायचा आणि हात होडीच्या काठाला न टेकता धरायचा. टुकटुक, थांबून पुन्हा टुकटुक, हे चोरटे बारके मासे. झटका देऊ नये. तंगूस सावकाश जड होत गेला तर बहुधा शिंगाळा. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा पकडीने मोडल्याशिवाय गरी काढायला जाऊ नये. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि किनाऱ्यावर आल्यावर डॉक्टर गाठायचा. होडीतला चहाचा थर्मास त्यासाठीही असतो. आणि गरी गायब होऊन नुसता स्वच्छ कापलेला फाटा वर आला, तर खाली केंड, म्हणजे फुगणारा मासा, आहे. त्याच्या दातांपुढे नायलॉन म्हणजे शेवया. अशा वेळी जागा बदलावी.

एरवी जागा बदलण्याची घाई करू नये. कांद्याच्या जाळीदार पिशवीत ठेचलेले तारले मासे आणि मूठभर वाळू भरून ती तळाच्या हातभर वर सोडावी, मासे जमायला अर्धा तास द्यावा. प्रत्येक होडीत दर दोन मिनिटांनी गरी वर काढून बघणारा एकजण असतोच. त्याला उंडे (गोल पाव) आणि बटाट्याची भाजी वाढायच्या कामाला लावावं.

बारा वाजत आले की समुद्राकडून खारा वारा उठतो, पाण्यावर बारीक पांढऱ्या टोप्या दिसू लागतात आणि नांगर उचलावाच लागतो. या दिवसाचा विचार करूनच जाणते लोक आमिषाला शिळी कोळंबी घेत नाहीत. बाजारातून ताजी, खाण्यालायक अर्धा किलो घेतात, बर्फात ठेवतात आणि बर्फाचं पाणी काढत राहतात. भांगाला त्यातली निम्मी तरी उरते. आंबाडे (आंबट फळं) घालून केलेल्या तिच्या हुमणाला, म्हणजे नारळाच्या कालवणाला, पाच माणसं पुरतात, फक्त घरी विचारलं तर ‘मिळाली’ एवढंच म्हणायचं.