गेस्ट वायफायला पोलिसर, बाकी घराला शेपर

कोथरूडच्या घरी १०० एमबीपीएसची लाइन आहे आणि राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवरची मुक्त प्रणाली. गेस्ट वायफायवर २० एमबीपीएसचा पोलिसर आहे, म्हणजे मर्यादेपलीकडची पॅकेटं टाकून देणारा नियम. या आठवड्यात त्याचा बर्स्ट (एका दमात किती डेटा जाऊ द्यायचा ती मर्यादा) बदलत आयपर्फ३ हे वेग मोजायचं साधन चालवून पाहिलं. पोलिसर लावताना सगळ्यांचं लक्ष रेटवर असतं. माझ्या मते आधी बर्स्ट बघावा.

पोलिसरची एक बादली समजा: तिच्यात रेटच्या गतीने टोकन, म्हणजे पॅकेट सोडायचे परवाने, भरत राहतात आणि बर्स्ट हा तिचा आकार. बर्स्ट १० केबी म्हणजे बादलीत जेमतेम सहा पॅकेटांपुरते टोकन. टीसीपी, म्हणजे डेटा पोहोचवणारा नेहमीचा प्रोटोकॉल, पॅकेटं झुंडीने सोडतो. टोकन संपले की पोलिसर पुढची पॅकेटं थेट टाकून देतो, रांगेत ठेवतच नाही. टीसीपी ते गर्दीचं लक्षण समजून विंडो (एका वेळी वाटेत किती डेटा असू द्यायचा ते) आखडती घेतो आणि सरासरी वेग २० च्या बराच खाली राहतो. त्यात जीआरओ ही सोय चालू असेल तर कर्नल (प्रणालीचा गाभा) अनेक पॅकेटं जोडून ६४ केबीपर्यंतचा गठ्ठा करतो. तो १० केबीच्या बादलीत मावणारच नाही, अख्खा टाकला जातो! म्हणून बर्स्टसाठी रेट गुणिले आरटीटी (पॅकेट जाऊन उत्तर येईपर्यंतचा वेळ) हा हिशेब धरला: २० एमबीपीएस आणि ५० मिलिसेकंद, म्हणजे १२५ केबी. त्यावर वेगाचा आलेख बराच सपाट झाला.

घरच्या मुख्य नेटवर्कवर मात्र पोलिसर नकोच. तिथे केक नावाचा शेपर आहे, लिनक्स ४.१९ पासून, म्हणजे २०१८ पासून, कर्नलमध्येच असलेला. विसर्जनाला बेलबाग चौकात मंडळं थांबवून एकेक करून लक्ष्मी रस्त्यावर सोडतात, तसा शेपर पॅकेटं धरून ठेवतो आणि बेताने सोडतो. रांग फार वेळ तुंबली तरच पॅकेट टाकतो; केकमागच्या कोडेल या रांग आवरायच्या पद्धतीचं रांगेतल्या थांब्याचं मूळ लक्ष्य ५ मिलिसेकंद, ते तपासायचा इंटरव्हल १०० मिलिसेकंद.

केकचा रेट ९२ एमबीपीएस ठेवला आहे. पूर्ण १०० दिला तर रांग आपल्या राउटरऐवजी पुढच्या यंत्रात साचते आणि तिथे आपलं काहीच चालत नाही. ते ८ एमबीपीएस मी आनंदाने सोडले. आता फोटोंचा बॅकअप वर जात असतानाही आईचा व्हिडिओ कॉल अडखळत नाही, आणि हा सगळा खटाटोप मुळात त्यासाठीच आहे.

डाउनलोडची बाजू अजून बाकी आहे. आत येणारी पॅकेटं थेट शेप करता येत नाहीत, त्यामुळे ती आयएफबी या आभासी इंटरफेसकडे वळवून तिथे दुसरा केक बसवायचा. राउटरचा प्रोसेसर दोन्ही पेलतो का, ते पुढच्या नोंदीत. कुणी एमटी७६२१ चिपच्या राउटरवर दोन्ही बाजू चालवत असाल तर सीपीयूचे आकडे जरूर कळवा.