तुम्ही विचारलंत म्हणून: पीएचडीआधीचं वर्ष

"मॅडम, एमएस्सी झाली. पीएचडीचे अर्ज पुढच्या खेपेला भरणार. मधलं वर्ष काय करू? नेटचा क्लास लावू, की कुठे नोकरी धरू?" निकाल लागले की सोलापुरातलं कुणी ना कुणी हे विचारतंच. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

हे वर्ष दिसतं तेवढं मोठं नसतं. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची मुदत डिसेंबरातच संपते आणि शिफारसपत्रं बहुधा तीन लागतात. जुलैत कुणाच्या हाताखाली रुजू झालात, तर त्यांना तुमचं काम कळायला जेमतेम चार महिने मिळतात. पीएचडी इथं भारतातच करायची असेल तर नेट ही पात्रता परीक्षा जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये. घरची ओढाताण असेल तर ही रक्कम लहान नाही. अभ्यास कराच, पण सकाळी दोन तास. उरलेला दिवस एखाद्या प्रश्नाला द्या.

मी तो डाळिंबाला दिला. आई म्हणत होती, गॅप पडेल, वर्ष वाया जाईल. पण सांगोल्याकडे मामाच्या डाळिंबाच्या बागेत तेल्या हा जिवाणूंमुळे होणारा रोग शिरला होता आणि मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली. एका प्रयोगशाळेत तुटपुंज्या मानधनावर काम मिळालं, ते धरलं.

पहिल्याच आठवड्यात पानावरचा तेलकट डाग ब्लेडने कापला, तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कापलेल्या कडेतून धूर निघावा तसे जिवाणू पाण्यात सांडत होते. पुस्तकात हे चार वेळा वाचलेलं होतं, तरी त्या दिवशी मी जेवायला गेले नाही. पुढचे तीन महिने मात्र नुसते जिवाणू वाढवायचं माध्यम बनवणं, प्लेटा घासणं, वहीत तारखा लिहिणं. दुसऱ्या कुणाची बुरशी येऊन आठवड्याचं काम फुकट जाणं. ते सगळं करूनही मला सकाळी तिथं जावंसं वाटत होतं, आणि हे क्लासमध्ये बसून कळलं नसतं. माझ्याबरोबरच्या मैत्रिणीला तसं वाटलं नाही. ती औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीला लागली आणि आज समाधानी आहे. तिचंही वर्ष कारणी लागलं असंच मी मानते.

बागेत मी दर पंधरवड्याला जायची. मृग बहारात, म्हणजे पावसाळ्यात धरलेल्या बहारात, पावसाच्या थेंबांबरोबर आणि छाटणीच्या कात्रीवरून तेल्या कसा पसरतो, हे मी मामाला समजावत होते. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे गं, पण पाऊस गेल्यावर ह्यो ऱ्हातो कुठं?"

पडलेली पानं, फांद्यांवरच्या जखमा एवढं मला सांगता आलं. कुठे किती आणि किती दिवस, ते आमच्या बागेपुरतंही सांगता येईना. अर्जात मी तोच प्रश्न लिहिला.