सायप्रिनसची अंडी: तळ्यात टिकतात किती?

रोहू, कटला, मृगळ शेततळ्यात वाढतात, पण साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प माशाचं, तसं नाही. त्याची अंडी चिकट असतात, पाणवनस्पतीला घट्ट बसतात. म्हणून हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीदार कापडी पिशवीत, मादीच्या वजनाच्या साधारण दुप्पट हायड्रिला आधी धुऊन पसरायची. न धुता टाकली तर अंडी खाणारे किडे आपणच आत सोडतो.

अंडी चिकटली की नर-मादी लगेच बाहेर काढा, कारण तीच अंडी खातात. फळलेलं अंडं पिवळसर पारदर्शक दिसतं आणि दुसऱ्या दिवशी त्यात दोन काळे ठिपके, म्हणजे डोळे, दिसतात. पांढरं पडलेलं अंडं मेलेलं. त्यावर कापसासारखी बुरशी येते आणि शेजारच्या जिवंत अंड्यांवरही चढते. दाट थर असेल तर हे हमखास होतं.

२५ ते २८ अंश तापमानाला दोन-तीन दिवसांत पिल्लं फुटतात, थंडीत उशीर लागतो. पुढचे तीनेक दिवस पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर निघतात, तेव्हा खाद्य टाकणं म्हणजे पाणी नासवणं.

खरी कत्तल मत्स्यजिरे, म्हणजे ही इवली पिल्लं, संगोपन तळ्यात सोडल्यावर होते. पाठीवर उलटे पोहणारे पाणकिडे त्यांचा फडशा पाडतात. उपाय जुनाच: गुंठ्याला ५६० ग्रॅम खाद्यतेल आणि १८० ग्रॅम साबण एकत्र घोटून, जिरे सोडण्याच्या आदल्या दिवशी पाण्यावर शिंपडायचं. तवंगामुळे किड्यांना वर येऊन हवा घेता येत नाही. वारा असेल तर थांबा, तवंग फाटतो.