नमुना बारावर कांदा

मी तेव्हा तलाठी होतो. २०१२च्या फेब्रुवारीअखेरीला नायब तहसीलदारांचा फोन आला. "त्या गटाचा सातबारा घ्या आणि मळ्यावर या. पंचनामा आहे." बीड जिल्ह्यात तेव्हा अफूचे मळे सापडायला लागले होते, त्यामुळे कशाचा पंचनामा हे विचारावं लागलं नाही. गट नंबर ऐकून मात्र पोटात गोळा आला. महिन्यापूर्वी शेजारच्या बांधावर बसून मी हुरडा खाल्ला होता.

मळा विहिरीकाठचा, वीस-बावीस गुंठ्यांचा. चारी बाजूंनी पुरुषभर उंच मका. रस्त्यावरून जाणाऱ्याला वैरणच वाटावी. आत कमरेला लागणारी राखाडी-हिरवी झाडं आणि शेंड्याला लिंबाएवढी बोंडं. हुरड्याच्या दिवशी तिथं पांढरीशुभ्र फुलं होती. "हे काय रे?" मी विचारलं होतं. "खसखस हाये, अप्पा." "बरं," म्हणून मी चटणी मागितली होती. खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातलं बी, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणवत नाही.

फौजदारांनी एक बोंड दाखवलं. त्यावर उभ्या चिरा होत्या आणि पाझरलेला चीक वाळून तपकिरी झाला होता. नुसती खसखस हवी असती तर बोंडं झाडावरच वाळू दिली असती, चिरा कशाला मारल्या असत्या? "दुपारी चिरायचं, रात्रभर चीक येतो, सकाळी खरवडायचा," हवालदार म्हणाले. त्यांना सगळं पाठ होतं.

शेतकरी तिशीतला. बी कुणा व्यापाऱ्यानं आणून दिलेलं, माल तोच नेणार होता, पण त्याचं पूर्ण नाव याला सांगता येईना. आदल्या हंगामात सहा-सात हजारांवर गेलेला कापूस यंदा चार हजारांच्या आसपास आला होता. "एमपीत लावत्यात की. मग हितं काऊन नाय?" त्याचा प्रश्न अगदीच वेडा नव्हता. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात ठराविक पट्ट्यांत, मोजून दिलेल्या जमिनीत सरकारी परवान्यानं अफू पिकते आणि चीक सरकारच विकत घेतं. महाराष्ट्रात परवानाच नाही. एवढ्यात त्याची आई घरातून वाटीभर खसखस घेऊन आली. "अनारशाला लागती ती हाये बघा. दुकानात बी मिळती." ती खोटं बोलत नव्हती. कुणी काही बोललं नाही.

झाडं मुळासकट उपटली, पेंढ्या बांधल्या, ट्रॅक्टरनं वजनकाट्यावर नेली. नमुने निघाले, लाखेची सीलं लागली, पंचांच्या सह्या झाल्या. दिवेलागण झाल्यावर फौजदारांनी माझ्याकडे सातबारा मागितला. टॉर्चच्या उजेडात वाचला.

"पीक, कांदा?"

गाव नमुना बारा, म्हणजे सातबाऱ्यातला पिकांचा भाग. त्यावरची ती नोंद मी चावडीत बसून केली होती. कोतवाल सांगेल तशी, तीन गावांची पीकपाहणी दोन दिवसांत. सगळेच तसं करायचे, पण ते तिथं सांगण्यात अर्थ नव्हता. फौजदारांनी १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचं पुस्तक उघडून कलम ४७वर बोट ठेवलं. अशी लागवड कळताच सरकारी अधिकाऱ्यानं, सरपंचानं, गावकामगारानं लगेच कळवायचं. हयगय केली तर शिक्षा. हे कलम मी नोकरीत पहिल्यांदाच वाचत होतो.

माझा जबाब झाला. "लागवड माझ्या निदर्शनास आली नाही," असं मी लिहून दिलं. शेतकरी चार हात अंतरावर उकिडवा बसून ऐकत होता. हुरड्याचं त्यानं काढलं नाही.

पुढं कोर्टात त्याच्या वकिलानं तोच सातबारा माझ्यापुढं धरला. "सरकारी दप्तरात कांदा आहे. मग खोटं काय, दप्तर की साक्ष?"

"दप्तर," मी म्हणालो.

आता हुरड्याचं विचारतील म्हणून मी कठड्याला धरून उभा राहिलो. त्यांनी दुसरा कागद काढला.